हळदीचं बोट लागलेली पर्स

मित्रांनो, मी एक जुनी पर्स आहे. खरं सांगायचं तर माझ्या घराण्यात हा शब्द कुणी वापरत नाही. जिथं मी जन्मले तिथं मला हँडबॅग म्हणत, आणि तेही पांढरे हातमोजे घालून. पण पुण्याच्या अरुणाबाईंनी मला पहिल्याच दिवशी 'पर्स' म्हटलं आणि तेच नाव मला चिकटलं. आता कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली तर मी ओसुद्धा देणार नाही.

सध्या माझा मुक्काम सिंगापूरच्या एका दुकानात, मधल्या फळीवर असतो. माझ्या दर्शनी भागावर बोटाएवढा पिवळा डाग आहे आणि त्याच्याशेजारी एक फिकट लाल ठिपका. गिऱ्हाईकं मला कौतुकानं उचलतात, डाग बघतात, तोंड वाकडं करतात आणि परत ठेवून देतात. मला त्याचं काही वाटत नाही. तो डाग कसा पडला हे त्यांना कुठं माहीत आहे? तुम्हांला मात्र सांगते.

माझा जन्म दूर युरोपातल्या एका कारखान्यात झाला. बदामी रंगाचं मऊ चामडं, पितळी कडी, आणि सगळी शिवण हातानं घातलेली. मला शिवणारी बाई शिवताना गुणगुणायची आणि एखादा टाका मनासारखा बसला नाही तर न कुरकुरता उसवून पुन्हा घालायची. मग मला कापडी खोळीत गुंडाळून विमानानं सिंगापूरला पाठवलं आणि काचेच्या कपाटात, दिव्याखाली बसवलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मी फार शेफारले होते, आता लपवून काय करायचं?

दुकान मॅडम लिम यांचं. चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला, बोलणं मोजकं, नजर तीक्ष्ण. त्या नवा माल विकत आणि वापरलेलाही. रोखीनं देत आणि हप्त्यांनीही देत. हप्त्यांनी नेणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच गोष्ट हळू आवाजात, पण दोनदा सांगत. शेवटचा हप्ता भरेपर्यंत वस्तू दुकानाची. तुम्ही वापरा, मिरवा, पण विकायची नाही.

मला चैत्रालीनं नेलं तेव्हा त्यांनी तिलाही हे दोनदा सांगितलं होतं. चैत्राली माझ्याकडे बघत बघत सही करत होती. तिनं ते ऐकलं की नाही, देव जाणे.

चैत्राली बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत, एका कॉन्डोत राहायची. नवरा विक्रांत मोठ्या कंपनीत मॅनेजर, मुलगा यशोधन जवळच्याच इंटरनॅशनल शाळेत. त्या शाळेच्या फाटकाशी मुलांना न्यायला येणाऱ्या बायका आधी एकमेकींच्या खांद्याकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे. चैत्राली नाशिकची, साध्या घरातली. कापडी पिशवी अडकवून त्या फाटकाशी उभं राहताना तिचा जीव अर्धा व्हायचा. मी खांद्यावर आले आणि ती ताठ उभी राहू लागली. तुम्ही तिला हसू नका. ताठ उभं राहता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

एके दुपारी यशोधन हसत, तोंडाला रुमाल लावून फाटकाबाहेर आला. त्याचा पहिला दात पडला होता. चैत्रालीनं तो टिश्यूच्या कागदात गुंडाळला आणि माझ्या आतल्या छोट्या चेनच्या कप्प्यात ठेवला. घरी गेल्यावर नीट डबीत ठेवू, असं म्हणाली. घरी पाहुणे आले होते. दात माझ्याकडेच राहिला.

पुढं विक्रांतची नोकरी गेली. या शहरात नोकरी गेली की राहण्याचा पासही जातो, हातात थोडेच दिवस उरतात. घरातलं बोलणं बंद झालं. मला कपाटात कोंबलं आणि दार लावलं. सिंगापूरची हवा दमट. एसी बंद असलेल्या खोलीत चामडं ठेवलं तर त्याला काय होतं हे इथल्या कुणालाही विचारा. माझ्या पाठीवर बुरशी धरली. ज्या अंगाला लोक हातमोजे घालून शिवत, त्या अंगाला शिळ्या पावासारखा वास यायला लागला. मी तेव्हा पहिल्यांदा रडले असते, पण आम्हांला आसवं नसतात.

आणि मग एके दिवशी चैत्रालीनं मला बाहेर काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, खिडकीत ठेवून माझा फोटो काढला आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. 'परत जातोय. थोडं सामान द्यायचं आहे.'

तो फोटो पाहून शहराच्या दुसऱ्या टोकाहून, पुंगोलहून, जाई आली.

जाई मला पाहताक्षणीच आवडली. केस घाईत बांधलेले, पायात चपला, आणि चेहऱ्यावर काहीतरी छान गुपित असल्यासारखं हसू. तिनं मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि चैत्रालीला सगळं सांगून टाकलं. पर्स तिच्या सासूबाईंना द्यायची होती. त्या पुण्याला शाळेत शिवण शिकवायच्या. नातीसाठी नोकरी वेळेआधी सोडली आणि पास मिळेल तेवढे दिवस, दर वेळी, पुंगोलला येऊन राहिल्या. म्हणून जाईची नोकरी टिकली. मागं एकदा ऑर्चर्ड रोडला काचेपलीकडची अशीच एक पर्स बघून सासूबाई पुटपुटल्या होत्या, "काय सुबक शिवण आहे गं!" मग किंमत बघून इतक्या हसल्या की दुकानातला माणूस बाहेर आला.

"त्यांची साठी आहे. नवी घ्यायला जमणार नाही. पण ही अगदी तशीच आहे," जाई म्हणाली.

"घे गं, तुझ्याच हातात जावी," चैत्राली म्हणाली, आणि तिनं चकल्यांची बशी पुढं सरकवली.

मी मेजावर बसून दोघींकडे बघत होते. माझी पावती कुठं आहे, हा प्रश्न जाईच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसत होता. तो आला, अडखळला आणि परत गेला. तिनं चकली उचलली. "घरची का गं?" "हो, कालच केल्या. सामान संपवायचं आहे ना." पुन्हा प्रश्न वर आला. पुन्हा चकली. आपल्याच माणसाकडे, तेही बिचारी देश सोडून चालली असताना, पावती कशी मागायची? तिला काय वाटेल? मित्रांनो, परक्या दुकानात आपण दहा प्रश्न विचारतो. पण चकली खाल्लेल्या घरात पावती मागता येत नाही. जाईनं बॅगेत पैसे मोजून आणले होते, ते दिले. चैत्रालीनं ते घेताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

अरुणाबाईंच्या साठीला पुंगोलच्या घरात गुलाबजाम होते, आणि देव स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या वरच्या खणात होते. जाईनं मला त्यांच्या हातात ठेवलं. अरुणाबाईंनी आधी चष्मा लावला. मग बोटांनी माझ्या शिवणीवरून टाक्याटाक्यानं फिरत राहिल्या, आणि मला त्या कारखान्यातल्या बाईची आठवण झाली.

"आई, आवडली ना?" जाईनं विचारलं.

"अगं, एवढी कशाला?" असं त्या म्हणाल्या, पण मला छातीशी धरूनच म्हणाल्या.

आणि मग ते झालं. नवी वस्तू घरात आली की अरुणाबाई तिला हळदकुंकू लावतात. फ्रिज असो, गाडी असो, नातीची सायकल असो. त्यांनी मला देवापुढं पाटावर ठेवलं, पाण्यात कालवलेल्या हळदीत करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि ते माझ्या दर्शनी चामड्यावर टेकवलं. शेजारी कुंकू. वर अक्षता.

जाईचा मुलगा, म्हणजे अरुणाबाईंचा रुचिर, 'आई' एवढंच म्हणून थांबला. जाईच्या तोंडाचा आ तसाच राहिला. बोलली एकटी अवनी, जाईची लेक, वय वर्षं सहा, तेही इथल्या वळणाच्या इंग्रजीत, वाक्यापाठी 'ला' लावून.

"आजी! यू कॅनॉट लाइक दॅट ला! धिस इज व्हँडलिझम! पोलीस विल कम!"

"येऊ दे पोलीस, त्यांनाही गुलाबजाम देऊ," अरुणाबाई म्हणाल्या.

थांबा, माझी चूक झाली. रुचिर जाईचा नवरा. चामड्याला वय झालं की बोलताना नाती इकडची तिकडं होतात, एवढं सांभाळून घ्या.

त्याच दुपारी सगळे आडवे झालेले असताना अरुणाबाईंनी माझे कप्पे लावायला घेतले. एका कप्प्यात रुमाल, दुसऱ्यात चष्म्याचं घर. मग त्यांनी आतली छोटी चेन उघडली. टिश्यूचा कागद. त्यात तांदळाएवढा पांढरा दात.

त्यांनी तो तळहातावर घेतला. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं जाई गाणं गुणगुणत भांडी पुसत होती. अरुणाबाईंच्या सगळं लक्षात आलं. मी नवी नव्हे, हे त्यांना कळलं, आणि सुनेनं ते का सांगितलं नाही हेही कळलं. त्यांनी दात पुन्हा गुंडाळला, आपल्या चष्म्याच्या घरात ठेवला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. इतकं शहाणं मौन मी आजवर दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. तसे पहिले दोन दिवस मी धास्तावलेलीच होते. ज्या पोटात पूर्वी फक्त एक फोन आणि सुगंधी कुपी असायची, त्यात आता पाण्याची बाटली, छत्री, अवनीचा मोजा आणि टेक्का मार्केटमधून घेतलेली कढीपत्त्याची जुडी. एकदा तर चक्क ओली कोथिंबीर! पण कपाटातल्या बुरशीपेक्षा कोथिंबीर केव्हाही बरी. अरुणाबाई एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या रेल्वेत, मला मांडीवर घेऊन बसायच्या, आणि शेजारी कुणी मराठी भेटलं की माझ्यावरचा रुमाल मुद्दाम बाजूला करायच्या. "सुनेनं दिली," असं म्हणायच्या. माझ्या घराण्याचं नाव त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या लेखी माझं घराणं एवढंच होतं.

जाईला मात्र तो हळदीचा डाग झोपू देईना. तिनं गुपचूप ओल्या वाइप्सनं पुसून पाहिलं. हळदच ती. जायच्याऐवजी पसरली. माझ्याबरोबर आलेल्या खोळीवर मॅडम लिमच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं, आणि तिथं चामड्याची साफसफाई करून मिळते असंही. अरुणाबाई पुण्याला परतण्याचा रविवार जवळ आला होता. "आई, जरा पॉलिश करून आणते," असं सांगून जाई मला घेऊन निघाली.

मॅडम लिमनी मला लगेच ओळखलं. आईनं पोरीला ओळखावं तसं नव्हे, सावकारानं कर्जदाराला ओळखावं तसं. डाग बघून म्हणाल्या, "धिस वन कॅन क्लीन, आय हॅव द मेडिसिन." मग माझ्या आतल्या चामड्यावर कोरलेला नंबर त्यांनी कॉम्प्युटरमध्ये घातला आणि त्यांचा चेहरा बदलला.

जे सांगायचं ते त्यांनी हळू आवाजात, दोनदा सांगितलं. ही बॅग हप्त्यांवर दिलेली आहे. नेणाऱ्या बाईनं अर्धे हप्ते भरले, मग थांबवले. फोन उचलत नाही. शेवटचा हप्ता येईपर्यंत बॅग दुकानाचीच, असं कागदावर ठरलेलं आहे. म्हणजे तिला ती विकायचा हक्कच नव्हता.

"पण मी पैसे दिलेत! पूर्ण दिलेत!" जाई म्हणाली.

"मला नाही दिलेस, डिअर," मॅडम लिम म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या. खरं तर त्यांनी जाईला पाणी दिलं. "तू विचारलं नव्हतंस? रिसीट कुठं आहे, पेमेंट क्लिअर आहे का? सेकंडहँड घेताना आधी हे विचारायचं असतं ना?"

जाई काय सांगणार? चकलीबद्दल सांगणार?

मॅडम लिम मला तिथंच ठेवून घेऊ शकल्या असत्या. पण त्यांनी जाईचा नंबर लिहून घेतला, तिच्या पासचा फोटो घेतला आणि म्हणाल्या, "तूही फसलीस. जा, त्या बाईशी बोल. राहिलेले हप्ते ती भरत असेल तर बॅग तुझी. नाहीतर शनिवारी आणून दे."

एलआरटीत जाईनं मला मांडीवर घेतलं नाही. पायाशी ठेवलं. मग माझ्यावर पाण्याचे दोन थेंब पडले आणि तिनं मला उचलून घट्ट धरलं.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं, अगदी मी जुनी आहे हेसुद्धा. "आई, मी तुम्हांला नवी म्हणून दिली नव्हती, पण जुनी आहे असंही बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासाठी मनासारखं काही घेतलं आणि तेही दुसऱ्याचं निघालं."

रुचिर भडकला. "हा सरळ गुन्हा आहे. आत्ता पोलिसांत जाऊ. तक्रार झाली की ते लोक देशाबाहेर पडूच शकणार नाहीत."

अरुणाबाईंनी चष्म्याचं घर उघडलं आणि टिश्यूचा कागद मेजावर सोडला.

"हा पहिल्याच दिवशी सापडला मला. जाई, जुनी आहे हे मला केव्हाच ठाऊक होतं. म्हणून काही माझा हात तिच्यावरून निघाला नाही." मग त्या मुलाकडे वळल्या. "तक्रारीचं जाईनं ठरवायचं. पैसे तिचे, मनस्तापही तिचा. पण हा दात ज्याचा आहे त्याच्या आईला मला आधी बघायचं आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बुकित तिमाहला गेलो. घरभर खोकी. भिंतीवरच्या फोटोंच्या जागी नुसते खिळे. चैत्रालीनं दार उघडलं, जाईच्या खांद्यावर मला पाहिलं आणि तिथंच मटकन खाली बसली.

"मी भरणार होते गं," ती म्हणाली. "तुझ्या पैशांतून आधी हप्तेच भरणार होते. पण घरभाडं थकलं होतं, विमानाची तिकिटं काढायची होती. मग वाटलं, नाशिकला गेल्यावर भरू. मग वाटलं, इतक्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो?"

"मला पडला ना फरक!" जाई ओरडली. तिला मी इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तू मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर? मी थांबले असते. दुसरीला विचार म्हटलं असतं. तू मला चकल्या वाढत होतीस, चैत्राली!"

"तू विचारलं असतंस तर मी खोटं बोलू शकले नसते," चैत्राली म्हणाली. "मी सारखी वाट बघत होते, तू विचारशील म्हणून. तू विचारलं नाहीस, आणि मला वाटलं, सुटले."

बघा मित्रांनो, एकीला विचारायची भीड आणि दुसरीला सांगायची लाज. त्या दोघींच्या मध्ये मी बसले होते, तोंड बंद, पितळी कडी लावलेली.

अरुणाबाई खाली वाकल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकल्या. त्यांनी तो टिश्यूचा कागद चैत्रालीच्या हातात ठेवला. तिनं उघडला. मग जे रडणं तिला आलं ते हप्त्यांचं नव्हतं, नोकरीचं नव्हतं. "मी हा सगळीकडे शोधला," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "काकू, मी हा सगळीकडे शोधला."

तिनं हातातल्या पाटल्या काढायला घेतल्या. जाईनं तिचा हात धरला. जाईचे डोळे लाल होते, पण आवाज स्थिर झाला होता.

"पाटल्या नकोत. मी तक्रार करणार नाही. पण माझे पैसे मी सोडणार नाही, सांगून ठेवते. नोकरी लागली की दर महिन्याला पाठवायचे. आणि शनिवारी तू आमच्याबरोबर त्या दुकानात यायचं. जे झालं ते तुझ्या तोंडानं सांगायचं. मी चोरीचा माल परत करायला आल्यासारखी एकटी जाणार नाही."

चैत्रालीनं अर्ध्यावर आलेल्या पाटल्या परत मागं सरकवल्या. मग मान हलवून हो म्हणाली. मला वाटतं, पाटल्या देणं तिला सोपं गेलं असतं.

शनिवारी ती आली. कापडी पिशवी अडकवून, पण मान वर करून आली. मॅडम लिमसमोर उभी राहिली आणि काही न लपवता सगळं बोलली. मॅडम लिमनी ऐकून घेतलं. बॅग परत आली, तेव्हा राहिलेल्या हप्त्यांचा हिशेब मी इथंच बंद करते, असं म्हणाल्या. "नेक्स्ट टाइम, पिक अप द फोन," एवढंच वर जोडलं.

आता मला रिकामं करायचं होतं. अरुणाबाईंनी एकेक वस्तू काढली. रुमाल, छत्री, अवनीचा मोजा, कढीपत्त्याची दोन वाळकी पानं. पुन्हा एकदा माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी पदराच्या गाठीतून, हो, त्या अजून गाठ मारतात, एक रुपयाचं नाणं काढलं, माझ्या आतल्या छोट्या कप्प्यात ठेवलं आणि चेन लावून मला काउंटरवर ठेवलं.

"आंटी, युअर कॉइन. यू फर्गेट," मॅडम लिम म्हणाल्या.

अरुणाबाई जाईला म्हणाल्या, "त्यांना सांग, विसरले नाही. आमच्याकडे रिकामी पर्स कुणाला देत नाहीत."

जाईनं सांगितलं. मॅडम लिमनी चष्मा काढला. माझ्याकडे, मग अरुणाबाईंकडे पाहिलं. "माय मदर अल्सो सेम," त्या म्हणाल्या. "एम्प्टी वन कॅनॉट गिव्ह." आणि नाणं काढायला उघडलेली चेन त्यांनी स्वतः बंद केली.

दाराशी जाई थबकली. "आई, तुमच्या हातात काहीच उरलं नाही," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" अरुणाबाई म्हणाल्या. "तू दिलीस, मी घेतली, चार लोकांना दाखवली. एवढं झालं ना! आता मला भूक लागली आहे." आणि छत्री बगलेत मारून त्या सुनेचा हात धरून निघून गेल्या. काचेतून मी त्यांना रस्ता ओलांडेपर्यंत पाहत होते. रविवारी त्या पुण्याला गेल्या असतील. मला निरोपाला कोण नेणार?

त्याला आता बरेच महिने झाले. जाई अधूनमधून अवनीला घेऊन येते. चैत्रालीला नाशिकला नोकरी लागली आहे, दर महिन्याला पैसे येतात, आणि आजवर एकदाही चुकले नाहीत, असं जाई मॅडम लिमना सांगत होती. ते सगळे ती एका डब्यात बाजूला टाकते आहे. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही. अवनीला मात्र पोटात काही ठेवता येत नाही. ती काचेला नाक लावून मोठ्यानं म्हणते, "दॅट वन माय आजीज् पर्स, ओके? नोबडी बाय!"

हळदीचा डाग काढायचं औषध मॅडम लिमकडे आहे. तुम्हांला आठवत असेल, त्यांनीच सांगितलं होतं. पण ते औषध त्यांनी अजून मला लावलेलं नाही. उलट रोज सकाळी दुकान उघडताना त्या माझा डाग बाहेरच्या बाजूला करून मला बसवतात. डाग का काढत नाही, असं नव्या नोकर मुलीनं विचारलं, तर म्हणाल्या, "बिझी ला."

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कधीतरी दुसऱ्याची वापरलेली वस्तू घ्याल. अवश्य घ्या, आम्हां जुन्यांना घर हवंच असतं. पण आधी विचारा. ही खरंच तुमची आहे ना? हिचं काही देणं राहिलं आहे का? समोर किती का जवळचं माणूस असेना आणि बशीत काही का असेना, विचारा. विचारल्यानं माणूस दुखावत नाही, न विचारल्यानं दोघंही दुखावतात. आणि विकणारे तुम्ही असाल तर कुणी विचारायची वाट बघू नका. मग ती वस्तू घरी नेलीत की तिला कपाटात कोंडू नका. वारा द्या, वापरा, हवी तर कोथिंबीर ठेवा.

आणि मला कुणी घेतलंच, तर एक विनंती. माझ्या आतल्या छोट्या कप्प्यात एक रुपया आहे. तो काढू नका. मी आधी कारखान्याची होते, मग दुकानाची, चैत्रालीकडे होते पण तिची नव्हते, अरुणाबाईंची होते असं वाटलं तर तेही कागदावर खरं नव्हतं. मी कुणाची, याची मला आजही खात्री नाही. पण तो रुपया माझा आहे. तो मला दिलेला आहे, आणि त्याचा एकही हप्ता बाकी नाही.